पेस्ट बदलूनही गेमिंग लॅपटॉप काही महिन्यांत पुन्हा तापतो, तेव्हा काय करावं

तक्रार ठरलेली असते. गेमिंग लॅपटॉप तापत होता म्हणून थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तिच्यावरच्या तांब्याच्या हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, बदलली. पहिले काही आठवडे तापमान झकास खाली राहिलं, पंख्यांचा आवाजही उतरला. मग एकेक अंशाने आकडा चढत गेला आणि तीन-चार महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. प्रोसेसर ९५ अंशांवर, पंखे पूर्ण वेगात आणि गेम अडखळत चाललेला. मग पुन्हा मशीन उघडायचं, आधीपेक्षा भारी पेस्ट आणायची, लावायची आणि पुन्हा तिथेच येऊन थांबायचं.

या फेऱ्यात अडकलेली मंडळी बहुधा स्वतःच्या हाताला दोष देतात. पेस्ट कमी पडली असेल, जास्त झाली असेल, नीट पसरली नसेल. पण लावताना गडबड झाली असती तर तापमान पहिल्याच दिवशी चढलेलं दिसलं असतं. सुरुवातीला चांगलं आणि नंतर बिघडत गेलेलं तापमान एवढंच सांगतं की पेस्ट जागेवर टिकलेली नाही. लॅपटॉपसाठी पेस्ट निवडताना ती किती उष्णता वाहून नेते याच्या आधी ती किती दिवस जागेवर राहते हे पाहायला हवं. माझ्या मते या दुखण्याचं मूळ इथेच आहे, आणि बहुतेक सल्ल्यांमध्ये नेमकं तेच राहून जातं.

आधी निदान, मग स्क्रूड्रायव्हर

९५ अंश दिसले म्हणजे पेस्ट गेली असं समजू नका. आजचे प्रोसेसर तापमानाला वाव असेल तोवर वेग वाढवतच राहतात. इंटेलच्या बहुतेक मोबाइल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ च्या दरम्यान. जोर पडला की त्या मर्यादेजवळ जाणं हे त्यांच्या रचनेतच आहे. कित्येकदा पेस्ट बदलल्यावरही तापमान आधीइतकंच दिसतं आणि माणूस हिरमुसतो. प्रत्यक्षात तोच प्रोसेसर आधी ६० वॅटवर अडकत होता, तो आता ८० वॅट खेचतोय. काम वाढलंय, उष्णता जास्त बाहेर पडतेय, आकडा तेवढा तोच राहिलाय. म्हणून अंशांच्या शेजारी वॅट लिहून ठेवल्याशिवाय कुठलीही तुलना करू नका.

मी वापरतो ती पद्धत सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वीज दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करा. प्रोसेसरची वीजमर्यादा एका ठरावीक आकड्यावर बांधा, समजा ४५ वॅट. इंटेलवर हे थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधून जमतं, अनेक लॅपटॉपांत कंपनीच्या स्वतःच्या कंट्रोल अ‍ॅपमध्येही सोय असते. पंखे पूर्ण वेगावर ठेवा. मग सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा-पंधरा मिनिटं सलग फिरू द्या आणि तापमान स्थिर झालं की तीन गोष्टी टिपून ठेवा: प्रोसेसरचं तापमान, पॅकेज पॉवर (प्रोसेसर खेचत असलेली वीज) आणि खोलीचं तापमान. प्रोसेसर ८२ अंश, खोली २८ अंश आणि वीज ४५ वॅट असेल तर फरक ५४ अंशांचा, म्हणजे दर वॅटमागे १.२ अंश. हा तुमच्या मशीनचा खरा आकडा. उन्हाळा-हिवाळा, नवा गेम, नवं अपडेट यांनी तो फारसा हलत नाही. पेस्ट बदलल्याच्या दिवशी तो काढून ठेवला आणि चार महिन्यांनी तसाच पुन्हा मोजला, की पेस्ट सरकली की नाही याचं उत्तर लॅपटॉप न उघडता मिळतं. ग्राफिक्स चिपसाठी हेच वेगळं मोजा, कारण बऱ्याच लॅपटॉपांत दोन्ही चिप एकाच हीटपाइपवर (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीवर) असतात आणि दोन्हींवर एकदम भार टाकला तर कोणामुळे कोण तापलं हे कळत नाही.

दुसरी खूण आणखी बोलकी आहे. भार टाकल्याच्या क्षणापासून तापमानाचा आलेख बघा. एक-दोन सेकंदांत ५० वरून ९० च्या वर उडी मारली आणि भार काढताच तितक्याच झटक्यात आकडा खाली कोसळला, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली वाट अडलेली आहे. उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून चिप एकटी तापते आणि एकटीच निवते. याउलट तापमान दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढत असेल आणि भार काढल्यावर सावकाशच उतरत असेल, तर पेस्ट ठीक आहे. तांबं पोटभर तापलंय आणि हवा त्याची उष्णता नेत नाहीये. तिथे पेस्ट बदलून काही मिळणार नाही, धूळ काढावी लागेल. मागच्या झरोक्यापाशी हात धरा. प्रोसेसर ९५ वर असताना बाहेर येणारी हवा कोमट लागली आणि पंखे मात्र जोरात फिरत असले, तरी संशय चिप-हीटसिंक जोडावरच घ्यायचा. ही झटपट उडीची खूण वीजमर्यादा बांधूनच बघा, नाहीतर सुरुवातीच्या काही सेकंदांत प्रोसेसर शंभराहून जास्त वॅट खेचतो आणि धडधाकट मशीनही आजारी भासतं.

तिसरी खूण कोअरमधल्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांमधल्या, फरकाची. सारखाच भार असलेले मोठे कोअर एकमेकांपासून पाच-सात अंश वेगळे असणं चालतं. एक ७८ वर आणि शेजारचा ९६ वर असेल, तर चिपच्या त्या भागावर पेस्ट उरलेली नाही किंवा हीटसिंक तिरका बसलाय. मोठे आणि छोटे कोअर असलेल्या प्रोसेसरांत मोठ्यांची तुलना मोठ्यांशीच करा. ग्राफिक्स चिपमध्ये सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान, यांतलं अंतर बघायचं. दहा-पंधरा अंशांचं अंतर सर्वसाधारण असतं. ते महिन्यागणिक वाढत पंचवीसच्या पुढे गेलं, तर पेस्ट मधून हटतेय हे नक्की समजा. काही नव्या ग्राफिक्स चिपमध्ये हॉटस्पॉटचा आकडाच दिसत नाही, तिथे वरचा दर-वॅटचा हिशेब कामी येतो.

पेस्ट जाते कुठे

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं आणि पेस्ट त्या झाकणावर लागते. लॅपटॉपमध्ये झाकण नसतं. उघडं सिलिकॉन आणि त्यावर थेट तांब्याची पट्टी. उष्णता लवकर जायला हे चांगलंच, पण पेस्टच्या दृष्टीने ही जागा फार कठीण.

सिलिकॉन एका अंशाला दहा लाखांत सुमारे २.६ भाग प्रसरण पावतं, तांबं सुमारे १७ भाग. २० मिलिमीटर लांबीची चिप ३५ वरून ९५ अंशांवर गेली, म्हणजे ६० अंशांचा फरक पडला, की दोन्ही पृष्ठभागांच्या लांबीत साधारण १७ मायक्रॉनचं अंतर पडतं. पेस्टचा थरच मुळात तीस-चाळीस मायक्रॉनचा. शिवाय तापल्यावर चिप आणि तिच्याखालचा पॅकेजचा पाया किंचित वाकतात, निवल्यावर पुन्हा सरळ होतात. गेम सुरू केला, बंद केला, लोडिंग स्क्रीन आली, गेली: प्रत्येक वेळी हे दाबणं आणि सैल होणं चालू असतं. दोन काचांमध्ये मध दाबून काचा सतत हलवत राहिलो तर मध जसा कडेला जाऊन साठतो, तशी पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. यालाच पंप-आउट म्हणतात.

हीटसिंक उचलल्यावर हे लगेच ओळखू येतं. चिपच्या चारही बाजूंनी पेस्टची जाड किनार साठलेली असते आणि मध्यभागी चिपचा आरसा दिसतो, किंवा पेस्टच्या फांद्या फुटल्यासारख्या बारीक रेघा उरलेल्या असतात. पेस्ट अजून ओली, मऊ असते. लोक म्हणतात, वाळली तर नाही, मग तापलं का? तापलं कारण मधे हवा शिरली. पेस्टची उष्णतावाहकता ८ धरली तर हवेची जेमतेम ०.०२६ आहे, सुमारे तीनशेपट वाईट. आणि प्रोसेसरचे कोअर, म्हणजे सगळ्यात जास्त तापणारा भाग, बहुधा याच उघड्या पडलेल्या जागेखाली असतात.

आता ट्यूबवरच्या आकड्याबद्दल. पेस्टच्या जाहिरातीत ८.५ की १२.५ वॅट प्रति मीटर-केल्विन यावर सगळा भर असतो. हिशेब करून बघा. २०० चौरस मिलिमीटरची चिप, १०० वॅट उष्णता, ३० मायक्रॉनचा थर. वाहकता ८ असेल तर त्या थरात साधारण १.९ अंशांचा फरक पडतो, १२ असेल तर १.२५ अंशांचा. प्रत्यक्षात उष्णता कोअरच्या छोट्या जागेत एकवटलेली असते, त्यामुळे खरे आकडे याहून मोठे निघतात, तरी प्रमाण हेच राहतं. म्हणजे आकड्यात दीडपट सरस पेस्टने सगळं नीट असताना मिळणारा फायदा एक-दोन अंशांचा, आणि तीच पेस्ट मधून हटली तर तोटा पंधरा-वीस अंशांचा. ट्यूबवरचा आकडा बघून पेस्ट घेणाऱ्यांना म्हणूनच पुन्हा पुन्हा लॅपटॉप उघडावा लागतो.

मग लावायचं काय

माझं मत स्पष्ट आहे: उघड्या चिपच्या गेमिंग लॅपटॉपला पहिली पसंती फेज-चेंज पॅडला. यातलं सगळ्यात परिचित नाव हनीवेल पीटीएम ७९५०. खोलीच्या तापमानाला हे पातळ, करड्या पापुद्र्यासारखं असतं. सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन वितळतं, दाबाखाली पसरतं आणि बारीक फटी भरून काढतं. निवल्यावर पुन्हा घट्ट होतं. वितळल्यावरही ते पाण्यासारखं पातळ होत नाही, त्यामुळे पंप-आउटला नीट तोंड देतं. त्याची वाहकता ८.५ लिहिलेली असते, कित्येक पेस्टच्या ट्यूबवर याहून मोठे आकडे छापलेले असतात, आणि तरीही वर्षभरानंतरच्या मोजणीत हे त्यांच्या पुढे राहतं, कारण ते तिथेच असतं. काही कंपन्या हल्ली गेमिंग लॅपटॉपांत कारखान्यातूनच हे किंवा याच जातीचं मटेरियल घालतात. याच्या नकलाही बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून विश्वासाच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

लावल्यानंतर पहिल्या दिवशी आकडे मनासारखे आले नाहीत तर घाबरू नका. पीटीएमला बसायला काही वेळा तापणं आणि निवणं लागतं. गेम खेळा, मशीन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, परत खेळा. पहिल्या काही फेऱ्यांत तापमान उतरत जातं. पेस्टचं वागणं याच्या नेमकं उलट: पहिल्या दिवशी उत्तम, मग उताराला.

पॅड मिळत नसेल तर घट्ट पेस्ट घ्या. लावताना हाताला त्रास देणारी, पसरवायला जड जाणारी पेस्ट उघड्या चिपवर जास्त टिकते. थर्मलराइट टीएफ८, गेलिड जीसी-एक्स्ट्रीम ही त्या जातीतली नावं. आर्क्टिकची एमएक्स-६ तिच्या आधीच्या एमएक्स-४ पेक्षा घट्ट आहे. एमएक्स-४ किंवा थर्मल ग्रिझलीची क्रायोनॉट या पेस्ट वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. झाकण असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर त्या उत्तम चालतात. सहज पसरतात हाच त्यांचा गुण, आणि लॅपटॉपच्या उघड्या, सतत ९० अंशांवर जाणाऱ्या चिपवर तोच गुण नडतो.

उघडताना आणि लावताना

वॉरंटीच्या अटी वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका, आणि तुमच्याच मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधून ठेवा. स्क्रू किती आणि कुठले लांब, रिबन केबल कुठे दडलीय, खालचं झाकण कुठून सुटतं हे त्यात असतं. उघडण्याआधी लॅपटॉप पाच-दहा मिनिटं वापरून कोमट करा, म्हणजे जुनी पेस्ट सैल पडते आणि हीटसिंक ओढाताण न करता सुटतो. मग पूर्ण बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडताच सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. हे केल्याशिवाय बोर्डाच्या जवळ धातूचं हत्यार नेऊ नका.

हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. घट्ट करताना सुलट्या क्रमाने, तेही थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं तर चिपच्या विरुद्ध कडेवर हीटसिंक उचलला जातो. उघडं सिलिकॉन ठिसूळ असतं, त्याचा कोपरा टवका उडून गेला तर बोर्डच बदलावा लागतो. स्क्रूला स्प्रिंग असेल तर स्क्रू तळाला टेकला की थांबा. दाब स्प्रिंग ठरवते, मनगटाचं बळ लावून तो वाढत नाही.

हीटसिंक सुटत नसेल तर किंचित डावी-उजवीकडे हलवा. वर खेचू नका. हीटपाइप हातात धरून उचलू नका, तो वाकला की आतली रचना बिघडते आणि तो पाइप कायमचा निकामी होऊ शकतो.

जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धागे न सोडणाऱ्या कापडाने. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिकचे भाग खराब करतं. चिपभोवतीच्या बारीक कपॅसिटरांच्या फटीत अडकलेली साधी करडी पेस्ट वीज वाहून नेत नसेल तर तिथेच राहू द्या, ती खरवडायच्या नादात कपॅसिटर उडवण्यापेक्षा ते बरं. चिप आणि तांबं मात्र आरशासारखं स्वच्छ हवं.

हीटसिंक निघालाच आहे तर पंख्यांची झाकणं काढून पंखा आणि हीटसिंकच्या टोकाची पातळ पात्यांची जाळी यांच्यामधली फट बघा. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या लॅपटॉपमध्ये तिथे धुळीचा जाड थर बसलेला असतो आणि तो बाहेरून हवा मारून निघत नाही. पंख्याचं पातं बोटाने धरूनच हवा मारा.

पेस्ट लावताना चिपचा प्रत्येक कोपरा झाकला गेला पाहिजे. झाकण असलेल्या प्रोसेसरवर मधे एक ठिपका चालून जातो, कारण झाकण उष्णता आडवी पसरवतं. उघड्या चिपवर कोपरा कोरडा राहिला तर तिथला कोअर तापणारच. लांबट चिपवर मी सपाट पट्टीने पूर्ण पातळ थर पसरवतो आणि वर मधोमध एक बारीक रेघ सोडतो, म्हणजे दाबाने हवा बाहेर पडते. पेस्ट थोडी जास्त झाली तर दाबाने कडेला निघून जाते, त्याने तापमान बिघडत नाही. कमी पडली तर बिघडतं.

पीटीएम लावायची रीत वेगळी. पॅड चिपच्या मापाचा किंवा जेमतेम मिलिमीटरभर मोठा कापा. त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक पापुद्रे असतात. खोली गरम असेल तर पॅड मऊ पडून पापुद्र्याबरोबरच निघून येतो आणि फाटतो, म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बंद पिशवीत, म्हणजे त्यावर पाणी धरणार नाही. एका बाजूचा पापुद्रा काढून पॅड चिपवर ठेवा, हलक्या हाताने दाबा, मग वरचा पापुद्रा कोपऱ्यातून झटक्याने ओढा. पॅडला चीर गेली तर तुकडे जुळवून ठेवा, वितळल्यावर ते एकजीव होतात. फक्त एकावर एक थर येऊ देऊ नका.

पॅडच्या जाडीचा घोळ

पेस्ट उत्तम, पॅड उत्तम, हात उत्तम आणि तरीही तापमान वाईट: अशा वेळी गुन्हेगार बहुतेक वेळा शेजारचा थर्मल पॅड असतो. मेमरी चिप आणि व्होल्टेज देणारे घटक यांच्यावर हे मऊ पॅड बसतात. त्यांची जाडी ०.५, १, १.५, २ मिलिमीटर अशी असते आणि एकाच हीटसिंकवर तीन वेगवेगळ्या जाड्या सापडू शकतात. पेस्टबरोबर पॅडही बदलून टाकू असं म्हणत सगळीकडे १ मिलिमीटरचे लावले आणि मुळात तिथे ०.५ होते, तर हीटसिंक त्या पॅडवर टेकतो आणि मुख्य चिपपासून वर राहतो. तीस मायक्रॉनच्या जागी शंभर-दोनशे मायक्रॉनची फट. तिथे कुठलीच पेस्ट वाचवू शकत नाही.

जाडी योग्य असूनही पॅड कडक असेल तर हेच होतं. जाहिरातीत मोठी वाहकता मिरवणारे पॅड पुष्कळदा दगडासारखे कडक असतात, आणि लॅपटॉपच्या स्प्रिंगमध्ये ते दाबायची ताकद नसते. जुना पॅड फाटलेला नसेल, तेलकट होऊन चुरा होत नसेल, तर त्याला न हलवणंच शहाणपणाचं. बदलावाच लागला आणि मूळ जाडी मॅन्युअलमधून खात्रीने कळत नसेल, तर थर्मल पुटी वापरा. ती कणकेसारखी मऊ असते, जितकी फट तितकी दबते आणि हीटसिंकला उचलून धरत नाही. जुन्या, दबलेल्या पॅडची जाडी मोजून नवा घेतला तर माप कमी निघतं, हेही ध्यानात ठेवा.

बसणी योग्य आहे का हे तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ठसा घेणं. चिपवर साध्या पेस्टचा पातळ थर लावा, हीटसिंक नेमक्या क्रमाने पूर्ण आवळा, मग लगेच काढा. तांब्यावर चिपच्या आकाराचा, सगळीकडे सारखा पातळ, जवळजवळ पारदर्शक ठसा उमटला तर बसणी ठीक. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला पेस्टचा जाड थर दिसला तर हीटसिंक तिरका आहे. तेव्हा पॅड, वाकलेला कंस, किंवा घसरलेल्या आट्यांमुळे नुसताच फिरणारा स्क्रू यांपैकी काहीतरी सापडेल. हा प्रयोग नेहमीच्या पेस्टने करा आणि पुसून मगच पीटीएम लावा, कारण पीटीएमचा प्रत्येक तुकडा एकदाच नीट बसतो. हीटसिंक पुन्हा काढला तर नवा तुकडा लावायचा.

आत चांदीसारखं चमकणारं काही दिसलं तर

काही गेमिंग लॅपटॉपांत कारखान्यातूनच लिक्विड मेटल असतं. गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचं हे मिश्रण खोलीच्या तापमानाला द्रव राहतं. चिपभोवती फेसाची चौकट आणि मधे आरशासारखी चमक दिसली की ओळखा. ते वीज वाहतं, म्हणजे एक थेंब बोर्डावर सांडला तर मशीन जाऊ शकतं. अ‍ॅल्युमिनियमला ते कुरतडून टाकतं. निकेलचा मुलामा नसलेल्या तांब्यात गॅलियम हळूहळू मुरतं आणि थर कोरडा पडत जातो, म्हणून अशा मशीनचंही तापमान कालांतराने चढू शकतं.

पहिल्यांदाच मशीन उघडत असाल आणि हे दिसलं, तर झाकण बंद करून जाणकाराकडे न्या. स्वतः करायचं ठरवलंच तर कापसाच्या बोळ्यांनी एकेक थेंब टिपून पूर्ण साफ करा, फेसाची चौकट तपासा, आणि परत लिक्विड मेटल भरण्याऐवजी पीटीएम लावायचा विचार करा. काही अंशांचा फरक पडेल, पण पिशवीत घालून रोज हिंडवल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो फरक सोसणं मला जास्त पटतं. मात्र आधीचा हीटसिंक लिक्विड मेटलच्या पातळ थराचं माप धरून बनवलेला असतो, त्यामुळे इथेही ठसा घेऊन बघाच.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर

लॅपटॉप परत जोडला, दर वॅटचा हिशेब पुन्हा काढला आणि तो जवळपास होता तिथेच आहे. ठसा सारखा होता, जाळी स्वच्छ आहे, पंखे पूर्ण वेगात फिरतायत. आता हीटपाइपवर संशय घ्यायचा. या तांब्याच्या नळीत अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येतं. नळीला बारीक चीर गेली किंवा ती चेपली की हे फिरणं थांबतं आणि उरते फक्त पोकळ तांब्याची नळी. भार चालू असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने किंवा हवेच्या स्पर्शाने तपासा: चिपकडचं टोक तापलेलं आणि जाळीकडचं टोक थंड असेल तर पाइप गेला. चमकदार तांबं इन्फ्रारेडला खोटा आकडा देतं, म्हणून मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. अशा पाइपची दुरुस्ती होत नाही, पूर्ण हीटसिंक बदलावा लागतो.

आकडा सुधारला, पण मनाजोगता नाही, तर उरलेलं काम सॉफ्टवेअरमध्ये आहे. पातळ बांध्याच्या मशीनमध्ये दीडशे वॅटची उष्णता ओतली तर तापमान वर जाणारच, पेस्ट कुठलीही असो. स्क्रीनचा वेग १४४ हर्ट्झ असेल तर फ्रेम तिथेच बांधा, त्यावर खर्च होणारी वीज डोळ्यांना दिसतच नाही. प्रोसेसर सोसत असेल तर व्होल्टेज थोडं उतरवा. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा सुरक्षादोष उघड झाल्यावर अनेक इंटेल लॅपटॉपांत ही सोय बायोसमधून बंद झाली, म्हणून थ्रॉटलस्टॉपमध्ये ती कुलूपबंद दिसली तर तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. अशा मशीनवर विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि ज्या गेममध्ये ग्राफिक्स चिपच कमी पडते तिथे फ्रेम फारशा न जाता तापमान चांगलंच उतरतं. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणंही करून बघा, विशेषतः हवा तळातून ओढणाऱ्या मशीनमध्ये.

नवा हीटसिंक मागवलात तर त्यावर आधीच पेस्ट किंवा पॅड छापून आलेले असतात का ते बघा. पॅड तसेच राहू द्या, त्यांची जाडी त्या हीटसिंकसाठी मोजूनच आलेली असते. पेस्ट मात्र पुसून पीटीएम लावा आणि बसवल्या दिवशीचा दर-वॅटचा आकडा तारखेसह लिहून ठेवा.